पुसलेली मुलाखत

आई वारल्यावर पहिल्यांदा विद्यापीठात पाय ठेवला तशी ती थेट संगणक कक्षात गेली. तिथल्या दादांनी तिचा रेकॉर्डर पुन्हापुन्हा जोडून पाहिला आणि मान हलवली.

“नुसतं पुसलं असतं तर काहीतरी हाती लागलं असतं, ताई. तुम्ही त्यावर दुसरं भरलंत.”

भरलं होतं खरं. समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी तिने इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांतली एक तिची आईच. बोलणं कागदावर उतरलं की आवाज पुसून टाकीन, म्हणजे साहेबांच्या कानावर काही जाणार नाही, असा शब्द तिने प्रत्येकीला दिला होता. वर्गातले बाकीचे असे शब्द देऊन विसरूनही गेले. ही मात्र पाळत बसली.

तिने प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमचं दार ठोठावलं. “तुमच्याकडे आईच्या आवाजाची एखादी प्रत असेल ना? कधीतरी पाठवली असेन मी.”

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. “नाही गं. नियम पाळावा तर हिच्यासारखा, असं मीच वर्गात सांगत होते.” मग जरा अडखळत म्हणाल्या, “लिहून काढलेलं आहे ना पण?”

होतं. पण त्यातली आई पाठ केल्यासारखी बोलत होती. तिचं हसणं, खोकणं, ‘हे तुझ्या बापाला विचार’ असले टोले, सगळं विषयाला सोडून म्हणून हिनेच गाळलं होतं. उरल्या होत्या कामाच्या पाळ्या आणि वाफेने भाजलेली मनगटं. ती कुणाचीही आई असू शकली असती.

जिना उतरताना तिला रेडिओमावशी आठवली. आईबरोबर चादरींच्या घड्या घालणाऱ्या या बाईची जीभ इतकी सुसाट, की तिची मुलाखत उतरवून काढायचं काम मागे पडलं होतं. म्हणून तेवढी पुसली नव्हती. ती घेतली होती हिच्या घरीच, स्वयंपाकघरात. आणि आई तिथेच होती!

ती धावतच धुलाईघरात पोचली. तुमची मुलाखत इथे लावून ऐकू का, तिने मावशीला विचारलं.

“लाव की,” मावशी घडी टाकून म्हणाली. “माझी कसली चोरी? काढलंच कामावरून, तर या भट्टीतून सुटेन तरी. आणि बघ तू, तुझ्या आईने मध्ये तोंड खुपसलं नसेल तर नाव बदलेन!”

दोघी चादरींच्या ढिगाला टेकून बसल्या. रेकॉर्डरमध्ये भांडं वाजलं. मग आई, अगदी जवळून:

“अगं, तिला तो साहेबांच्या पँटचा किस्सा सांग की! काय झालं माहितेय का—”

“आई, प्लीज.” हा तिचा स्वतःचा आवाज. “मुलाखतीत तिसरं माणूस चालत नाही. तू बाहेर बस बरं.”

“बरं बाई. चालले.”

चपला वाजल्या. दार लागलं. मग नुसती मावशीच.

“बंद कर गं,” मावशी डोळ्यांना पदर लावत म्हणाली.

“थांबा. आली असेल परत आत. पाणी प्यायला, नाहीतर कशाला तरी.”

मावशीचा आवाज बोलत राहिला. ती रेकॉर्डर कानाला लावून दाराच्या कडीची वाट पाहत राहिली.

“झालं, मावशी,” शेवटी तिचाच आवाज म्हणाला. “आता आईला आत बोलावते.”

आणि रेकॉर्डर बंद झाला.