ऐकू न आलेला हुकूम

तोफगाडी चालवायची म्हणजे तोफेच्या पोटात शिरून बसायचं. चालकाची जागा पुढे, इंजिनाला चिकटून. डोक्यावर लोखंडी झाकण, समोर वीतभर काच. मागे उंचावर तोफप्रमुख बसायचा आणि हेडफोनवरून हुकूम सोडायचा. या गाडीला सगळे ‘थोरली’ म्हणत. देशात बनलेल्या पहिल्या खेपेतली ती, आणि थोरल्या जावेसारखी सगळ्यांना धाकात ठेवायची.

थोरलीबरोबर चालकाने दोन लढाया काढल्या. त्यात त्याचे कान गेले. एकदम नाही, आधी पाखरं गेली, मग दाराची बेल, मग बायकोचं कुजबुजणं. त्याने कोणाला पत्ता लागू दिला नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं आणि बेताने मान डोलवायची. तोफप्रमुख त्याचा मेव्हणाच, बायकोचा धाकटा भाऊ. त्याने ओळखलं, पण तोंडातून ब्र काढला नाही. हुकूम देताना तो बुटाने चालकाचा खांदा ढोसायचा. डावा खांदा म्हणजे डावीकडे, दोन्ही म्हणजे थांब. काम भागत होतं.

मग संचलनाची तालीम आली. तोफप्रमुखांनी झाकणातून कंबरेपर्यंत बाहेर उभं राहून सलामी द्यायची, असं फर्मान निघालं. उभं राहिल्यावर पाय खांद्यापर्यंत पोहोचणार कसे?

“दाजी, उद्या आजारी पडा,” मेव्हणा म्हणाला. “पोट बिघडलं म्हणा.”

“सरळ तर जायचंय. डोळे शाबूत आहेत माझे.”

थोरली रांगेत सर्वात पुढे होती. व्यासपीठाअलीकडे थांबायचा मेव्हण्याचा हुकूम हेडफोनवरून सुटला. चालक वाऱ्याने उडालेल्या धुळीतून अंदाजाने पुढे जात राहिला. काचेत व्यासपीठाचं लाल कापड दिसलं तेव्हा उशीर झाला होता; थोरली फळ्यांत घुसली. फळ्या ठोकणारे सुतार उड्या टाकून पळाले. एकाचा हात मोडला.

चौकशीत मेव्हणा म्हणाला, “साहेब, हेडफोनची वायर तुटली होती.”

चालकाने त्याच्या ओठांवर ‘वायर’ वाचलं आणि काय ते समजला. आपण मान डोलवली की वायरी तपासणारा बिचारा मेकॅनिक लटकणार.

“वायर धड आहे, साहेब. मला ऐकू येत नाही.”

साहेबांनी कागदात डोकं खुपसूनच काहीतरी विचारलं. चालक तसाच उभा राहिला. साहेबांनी मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

खोटं बोलल्याबद्दल मेव्हण्याचा हुद्दा उतरवला. चालकाला घरी पाठवलं. त्याने बायकोला कानांचं सांगितलं.

“मला काय माहीत नाही?” ती ओरडली. “वर्षभर बोंबलतेय मी! शेजारणीला वाटतं, आपली रोजची भांडणं आहेत.”

मेव्हणा बरेच दिवस फिरकला नाही.

पुढच्या आठवड्यात चालक सुताराच्या दुकानी गेला. सुतार गळ्यात हात अडकवून बसला होता. चालकाला पाहताच तो उठला आणि बोलू लागला. चांगलंच सुनावत असावा, कारण मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. पण त्याच्या मिशा ओठांवर उतरलेल्या. चालकाला एक अक्षर कळलं नाही. तरी तो मान खाली न घालता शेवटपर्यंत उभा राहिला.

बोलून दमल्यावर सुताराने एका लांब फळीकडे बोट केलं. त्याने धड हाताने तिचं एक टोक उचललं, चालकाने दुसरं धरलं.