चादरीचं दुसरं टोक

इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या त्या मोठ्या धुलाईखान्यात बाईंना पाठीमागे सगळे 'निरोपवाल्या बाई' म्हणत. नोकरी सोडून जाणाऱ्याला शेवटच्या दिवशी आपल्या खोलीत बसवायचं आणि का चाललात ते विचारायचं, हे त्यांचं काम. घरी नवराही चिडवायचा, "माझी फार विचारपूस करू नकोस हं. तू विचारलंस की माणूस गेलाच!"

बाई हसायच्या, पण मनातून खट्टू व्हायच्या. माणसं टिकतच नव्हती. कामावर हात बसतो न बसतो तोच चालू लागायची. कारण विचारलं की सगळ्यांचं एकच पालुपद, "घरची अडचण." खोलीची काच वाफेने कायम धूसर असे. तिच्यापलीकडे पांढरे ढीग ढकलणारी माणसं पाण्याखालून चालल्यासारखी दिसत. आपण काठावर बसून हाका मारतोय आणि आत कोणाला ऐकूच जात नाही, असं बाईंना वाटत राही.

एका दुपारी घड्यांच्या विभागातला एक ताडमाड उंच गडी निरोपाला आला. त्याला सगळे 'खांब' म्हणत. तो खुर्चीत अंग चोरून बसला.

"का सोडताय?"

"घरची अडचण, बाई."

"घरी कोण कोण असतं?"

"मी एकटाच."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो ओशाळला. बाईंनाही हसू आवरेना. तेवढ्यात बाहेरची घरघर थांबली. घड्या घालणारं यंत्र बंद पडलं होतं, आणि बघता बघता चादरींचा डोंगर झाला. खांब सवयीने उठला. "जाता जाता हात लावतो थोडा," म्हणत बाहेर गेला. बाई त्याच्या मागोमाग गेल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी एका चादरीची दोन टोकं उचलून धरली.

चादर ताणायची, झटकायची, पावलं टाकत समोरासमोर यायचं, टोकं त्याच्या हाती द्यायची, पुन्हा मागे सरायचं. कापडात अजून ऊब होती. दर खेपेला मधे एक पांढरा ढग फुगायचा आणि हळूच बसायचा. बाई विचारायचं विसरूनच गेल्या. मग तोच आपणहून बोलू लागला.

"आल्या दिवसापासून मला त्या टोकाच्या यंत्रावर उभं केलं. यंत्राच्या आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून कान झाकलेले. दिवस दिवस कोणाशी शब्द नाही. काम जड नाही हो. पण परवा घरी जाऊन आरशासमोर उभा राहिलो आणि स्वतःलाच विचारलं, 'काय, कसं काय?' म्हटलं, आता पुरे."

"मग आता राहता का? काहीतरी करू आपण."

"नको, बाई. दुसरीकडे शब्द दिलाय. आधी कोणी विचारलं असतं तर..." वाक्य त्याने तसंच सोडलं. घडी मात्र नीट घातली.

तो गेलाच. पण बाईंना चैन पडेना. आधी सोडून गेलेल्यांना त्यांनी फोन केले, सहज बोलावं तसे. शब्द वेगळे, पण रडगाणं खांबाचंच निघालं: दिवसभर बोलायला कोणी नाही. मग त्या साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"यंत्र असताना हाताने घड्या?" साहेब म्हणाले. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"फक्त नव्या माणसांनी, साहेब. सुरुवातीला, जुन्या कोणाच्या तरी जोडीने. आणि त्या टोकाच्या यंत्रावर आळीपाळीने."

साहेबांनी खूप आढेवेढे घेतले, पण रोज नव्या माणसाला शिकवून तेही मेटाकुटीला आले होते. शेवटी "बघा करून" म्हणाले. बाई आता नव्यांना जायच्या दिवशी नव्हे, आल्यावर लगेचच भेटू लागल्या.

जाणारे थांबले असं नाही, कमी मात्र नक्की झाले. आणि जे जात ते खरं बोलत, कधीकधी चांगलं फैलावर घेत. परवाच एक मावशी जाताना म्हणाल्या, "सुकवणीच्या खोलीत कधी तासभर उभ्या राहून पाहा, मग विचारा का चालले ते!"

बाई राहिल्या उभ्या. घामाने डोळे चुरचुरू लागले. उंचावर एक झडप होती, कित्येक वर्षांत कोणी हात न लावलेली. त्यांनी शिडी मागवली, स्वतः चढल्या आणि गंजलेली कडी जोर लावून ओढली. झडप करकरत उघडली. संध्याकाळचा वारा आत आला, आणि दोरीवर वाळत घातलेले रुग्णांचे सगळे पांढरे झगे एकदम हलले.