माझ्या तोंडाने बोलू नका

मी एक जुना ड्रॅगन आहे आणि पेशाने देव आहे. हसलात तरी चालेल, मित्रांनो. हसणाऱ्यांचा मला राग येत नाही. राग येतो तो हात जोडणाऱ्यांचा.

माझा जन्म काराकोल नावाच्या थंड, डोंगराळ शहरात, कवळ्या बनवण्याच्या खोलीत झाला. केरेझ नावाची बाई तिथे दिवसभर लोकांचे दात घडवते. कवळीची हिरडी ज्या गुलाबी प्लॅस्टिकची करतात, त्याचे उरलेसुरले तुकडे जमवून तिने मला बनवलं. उंची वीतभर, पंख रुंद, शेपूट जरा वाकडी. दात मात्र अस्सल कवळीचे. एक म्हातारा कवळी करायला टाकून गेला आणि ती न्यायच्या आधीच वारला. त्याचे दात केरेझने माझ्या जबड्यात बसवले.

"चावायला नाहीत हं," माझी नखं कानशीने घासत ती म्हणाली होती. "नुसते दिसायला."

मग दर रविवारी दुपारी ती मला समातच्या घरी नेऊ लागली. तिथे ही मंडळी एक खेळ खेळतात. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, फासे टाकायचे, आणि टेबलापाशी बसल्याबसल्या तोंडानेच डोंगर ओलांडायचे, लढाया मारायच्या. तोल्कुन हा सूत्रधार. बर्फ कधी पडलं, दरीत कोण लपलंय, हे सगळं तो सांगणार. समात ढालवाला वीर. इलिम हा समातचा मेहुणा, तो खेळात धनुर्धारी आणि खेळाबाहेर समातची सावली. आणि केरेझ माझी पुजारीण.

खेळातलं माझं नाव अक-अता, म्हणजे पांढरा बाप. मी गुलाबी आहे हे कुणाला कधी खटकलं नाही. माझा धर्म एका ओळीचा: शरण आलेल्याला मारायचं नाही. आणि टेबलाचा नियमही एकच: अक-अता ज्याच्या हातात, अक-अताचं तोंड त्याचं. मी कायम तोल्कुनच्या कोपरापाशी असायचो. त्याने मला उचललं, आवाज जाड केला, की मी बोललो असं सगळे धरून चालायचे.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. फासे टाकण्याआधी सगळे माझ्या शिंगांना हात लावायचे. हात लावून लावून शिंगं गुळगुळीत झाली. फासे चांगले पडले की समात ओरडायचा, "बघा माझा हात!" वाईट पडले की, "अक-अता, वाचव रे!" मी वाचवायचो. देवाची नोकरीच तशी, पगार नाही आणि रजा नाही.

आता रागाची गोष्ट सांगतो.

या खेळात शत्रू म्हणजे सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया. एक शत्रू मेला की समात ती बी दाताने फोडून खातो आणि टरफल बशीत थुंकतो. एका रविवारी तोल्कुनने मूठभर बिया टेबलावर ओतल्या. डोंगरात अडकलेले लुटारू. घोडे मेलेले, पोटं खपाटीला गेलेली. वीर समोर दिसताच त्यांनी धनुष्यं बर्फात टाकली आणि गुडघे टेकले.

"शरण आलेत," केरेझ म्हणाली. "बांधा आणि खाली गावात न्या."

"न्या? आणि वाटेत खायला कोण घालणार, तू?" समात म्हणाला. "एजे, तू दात बसव. मारामारी आमच्यावर सोड." एजे म्हणजे इकडच्या बोलीत ताई.

इलिम हसला. समात शिंकला तरी तो हसतो.

"तुझ्या ढालीवर अक-अताची खूण आहे," केरेझ म्हणाली. " त्याची शपथ घेऊन मिळाली तुला ती."

"मग त्यालाच विचारू की! तोल्कुन, घे रे तुझ्या गुलाबी बापाला हातात."

तोल्कुनने मला उचललं. मित्रांनो, माझा धर्म त्यानेच रचला होता. त्याला सगळं पाठ होतं. पण खोली समातची, शेगडी समातची, आत रटरटणारं मटण समातचं. तो रुसला तर खेळ मोडणार. तोल्कुनने माझी मान आवळली, आवाज जाड केला आणि म्हणाला, "मी अक-अता. हे चोर माझ्या दयेला पात्र नाहीत. आणि माझ्या वीराला आडवी येणाऱ्या पुजारणीची शक्ती मी आत्ताच काढून घेतो."

मी? मी काढून घेतो? माझ्या तोंडाने, एका मेलेल्या म्हाताऱ्याच्या दातांतून, माझाच धर्म बुडवला! मटणाच्या वाटीसाठी! देवांना शिव्या शिकवत नाहीत, नाहीतर त्या दिवशी टेबल जळालं असतं.

आणि केरेझ? ती दिवसभर दुसऱ्यांच्या उघड्या तोंडांत बघते. स्वतःचं तोंड उघडायची तिची जागा ही एकच. तीही माझ्याच नावाने बंद केली. शक्ती गेलेल्या पुजारणीने नुसतं बसायचं आणि बिया फुटताना ऐकायच्या.

समातने पहिल्या बीला हात घातला. त्याच क्षणी केरेझने मला तोल्कुनच्या मुठीतून हिसकावलं. आता तोंड तिचं होतं. मला वाटलं, आता गर्जना होणार.

"अक-अता काही बोलत नाही," ती म्हणाली. "तो घरी चाललाय."

मला कोटाच्या खिशात टाकून ती निघाली. पुढे बरेच रविवार मी तिच्या फळीवर, प्लास्टरच्या जबड्यांमध्ये धूळ खात बसलो.

एक दिवस तोल्कुन तिथे आला, गालावर हात धरून.

"दाढ दुखतेय, एजे."

"आ कर." तिने बघितलं. "दाढ ठणठणीत आहे. भलतं बोलल्याने दुखत असेल."

तो खाली बघत म्हणाला, "देवाच्या जागी आम्ही कुरुत ठेवला होता." कुरुत म्हणजे वाळवलेल्या दह्याचा खारट गोळा.

"मग?"

"समातने चहाबरोबर खाल्ला."

ती हसली नाही. "आणि कैदी?"

"आहेत. मी दर वेळी सांगतो, बर्फ पडतंय, काही दिसत नाहीये. पण किती रविवार बर्फ पाडू, एजे?"

"एवढं बर्फ पाडता येतं तुला, एक 'नाही' म्हणता येत नाही?"

त्या रविवारी ती मला घेऊन गेली. टेबलावर बिया तशाच होत्या. तिने मला तोल्कुनच्या कोपरापाशी ठेवलं नाही. थेट बियांवर बसवलं. माझे पंख रुंद आहेत, एकही बी बाहेर राहिली नाही.

"उचल त्याला," समात म्हणाला. "आणि परत विचार."

तोल्कुनचा घामट हात माझ्या मानेपर्यंत आला. मला उचललं तर त्याला देव होता येणार होतं, पण खाली बिया उघड्या पडणार होत्या आणि समातची बोटं टेबलावर आधीच ताल धरून होती. हात थांबला. मग मागे गेला.

"अक-अताला विचारायचं नाही," तोल्कुन म्हणाला. "मी सांगतो. कैदी जिवंत राहतील. आणि पुजारणीची शक्ती मी काढली होती, अक-अताने नाही. ती मी परत देतो."

आवाज बारीक होता, मध्येच फाटलासुद्धा. पण त्या टेबलावर मी ऐकलेला तो पहिला खरा आवाज.

"माझ्या घरात बसून मलाच?" समात उठला, कोट चढवला, टोपी घातली, रागारागाने दारापर्यंत गेला, आणि कडीला हात लावल्यावर त्याला आठवलं की घर त्याचंच आहे. इलिम हसला. पहिल्यांदाच चुकीच्या जागी.

अर्थात बाहेर केरेझ आणि तोल्कुनलाच पडावं लागलं. आता खेळ केरेझच्या खोलीत होतो, प्लास्टरच्या धुळीत, कोट अंगावर ठेवून. समात येत नाही. ऐकलंय की त्याने बाजारातून दुसरा ड्रॅगन आणलाय, सोनेरी. तो सगळ्याला हो म्हणतो.

मित्रांनो, मला धुवा, पुसा, जपा, असलं काही मी सांगणार नाही. शिंग तुटलं तर केरेझ नवं करेल. सांगायचं ते वेगळं आहे. कुणी देवाला मुठीत धरून बोलायला लागला, तर आवाज ऐकू नका, मूठ बघा. आणि तुम्हाला दुष्टपणा करायचाच असेल, तर स्वतःच्या तोंडाने करा. माझं मागायला येऊ नका.

बियाही इकडे आणल्यात, अजून माझ्या पंखांखाली आहेत. भाजलेल्या आहेत, उगवणार नाहीत, ठाऊक आहे मला. तरी कुणी हात घालून बघावंच. हे दात नुसते दिसायला आहेत, असं केरेझ म्हणाली होती. मी अजून चावून बघितलेलं नाही.