इन्स्पेक्टर ब्रेसाकचा शेवट

लाल शाईची रेघ इतकी दाबून मारलेली, की कागदाच्या पाठीवर बोट फिरवलं तरी हाताला लागत होती... शेवटचा परिच्छेद अख्खा कापलेला आणि समासात संपादक मुरारी सरांचं टपोरं अक्षर — ‘चोर सुटतो हे आपल्या वाचकाला रुचणार नाही. पकडून द्या, तरच दिवाळी अंकात घेऊ.’ पकडून द्या म्हणे! जसा काही तो राजश्रीच्याच माळ्यावर लपून बसलाय.

कंपनीची बस पोलादपुरातून महाडच्या एमआयडीसीकडे निघाली होती. फ्रेंच गिऱ्हाइकांची पत्रं उलगडून सांगणं ही तिची नोकरी. पण शंभर वर्षांपूर्वी पॅरिसच्या रस्त्यांवर खपलेली ही कादंबरी तिने हौसेने, आठ महिन्यांचे रविवार घालवून मराठीत आणली होती. तिचं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं. शेवटच्या पानावर महाचोर निसटतो, इन्स्पेक्टर ब्रेसाकच्या हाती त्याचा नुसता कोट राहतो, आणि ब्रेसाक तो खांद्यावर टाकून पुन्हा त्याच्या मागावर जिना उतरायला लागतो. इतकंच. दोन ओळी लिहायच्या, बेड्या घालायच्या, सुटलो — कोण फ्रेंच माणूस महाडात जाब विचारायला येणार आहे...

पण अण्णा. तिचे वडील, पोलादपूर ठाण्याचे हवालदार. गावदेवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला तेव्हापासून निवृत्तीपर्यंत, आणि निवृत्तीनंतरही, सायकलवरून वाड्यावाड्यांत चौकशी करत हिंडणारे अण्णा. लोक मागून हसायचे. मीही एकदा रस्ता बदलला होता — मैत्रिणींसमोर ओळख द्यायला नको म्हणून. आणि गेल्या वर्षी त्यांच्या शोकसभेत सरपंच काय बोलले? ‘मुखवट्याचा चोर अण्णांनीच धरला!’ गेलेल्या माणसाचं काही अर्धवट ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माइकवर सगळं पुरं करून देतात. मी हात जोडून ऐकत बसले. बरं वाटलं होतं मला, बरं! त्याचाच आता संताप येत होता.

मोबाइल वाजला. मुरारी सर.

‘राजश्रीताई, झाला का बदल? अंक आजच छपाईला जातोय.’

‘नाही करणार, सर.’

‘अहो, हट्ट कसला? दोन ओळींचा तर प्रश्न.’

‘चोर सुटतो. घ्यायचं तर तसंच घ्या, नाहीतर राहू दे.’

त्यांनी फोन ठेवला. घेणार की नाही, ते बोललेच नाहीत. गेली बहुतेक आठ महिन्यांची मेहनत... जाऊ दे गेली तर!

शेजारी पॅकिंगमधल्या कमळाबाई बसल्या होत्या, वरच्या वाडीतल्या. ‘कोन चोर गो?’

‘मुखवट्याचा चोर अण्णांना सापडला नव्हता, कमळाबाई. कधीच नाही.’ अख्ख्या बसला ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

‘ठाव हाय की,’ कमळाबाई म्हणाल्या. ‘सगल्या गावाला ठाव हाय. पन दर शिमग्याला आमच्या दारात यायचे इचारायला. यंदा कोन नाय आला.’

तिला रडू फुटलं, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही. अण्णा हरले, असं मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. माझं मीच ठरवून टाकलं होतं.