खांदा उचलला की हसायचं

तेरा जानेवारीला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी अधिकृतपणे सिद्ध झालं की बीप्याच्या वडिलांनी गेल्या नऊ वर्षांत त्याचा एकही विनोद ऐकलेला नाही. तसा कागद निघाला, त्यावर सही झाली, शिक्काही बसला.

पण ते सोडा. असं काही अजून झालेलंच नाही. आज एक जानेवारी आहे, बीप्या हा घरातला मान्यताप्राप्त विनोदी माणूस आहे आणि कान तपासणी केंद्राच्या सूचना फलकासमोर पेन घेऊन उभा आहे.

बीप्या हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. दिवसभर लोकांच्या कानात बीप सोडायचे हा त्याचा व्यवसाय. काचेच्या खोलीत पेशंट हेडफोन लावून बसतो, बाहेर बीप्या यंत्रावर बटण दाबतो, आत आवाज ऐकू आला की पेशंट हातातलं बटण दाबतो. एवढं काम सहा वर्षं केल्यावर माणसाला दुसरं कुठलं नाव शोभत नाही.

केंद्रात दर नव्या वर्षी सगळ्यांनी फलकावर आपापला संकल्प लिहायची पद्धत होती. गेल्या वर्षी रिसेप्शनवरच्या टोकनताईंनी 'साखर बंद' लिहिलं होतं. तीन तारखेला एका पेशंटने केक आणला आणि साखर रीतसर चालू झाली. बीप्याने 'रोज धावणे' लिहिलं होतं. वर्षभरात तो एकदा धावला, तेही बस सुटत होती म्हणून.

"यंदा संकल्प नकोत," मोठ्या मॅडम म्हणाल्या. केंद्र त्यांचं होतं आणि गेल्या वर्षीचा 'कमी बोलणे' हा संकल्पही त्यांचाच होता. "संकल्प म्हणजे स्वतःवर बजावलेली नोटीस. यंदा प्रत्येकाने फक्त एक हेतू ठरवायचा. काय करणार ते नाही लिहायचं. कसं राहणार ते लिहायचं."

"म्हणजे मोडला तर कुणाला कळणार नाही?" टोकनताईंनी विचारलं.

"मोडण्यासारखं त्यात काही नसतंच."

"मग मी दोन ठरवते." त्यांनी 'शांतता' लिहिलं आणि पेनाचं टोपण कुणी पळवलं म्हणून सगळं केंद्र डोक्यावर घेतलं. दुसरा हेतू त्यामुळे राहूनच गेला.

बीप्याने 'कुतूहल' लिहिलं. एकच शब्द फारच ऐटबाज दिसायला लागला, म्हणून खाली बारीक अक्षरात जोडलं: 'माहीत आहे असं वाटतं, तेही विचारून बघायचं.'

आठवडाभर त्याने सगळ्यांना भंडावून सोडलं. वाण्याला विचारलं, अंडी डझनानेच का? वाणी म्हणाला, तुला एक हवं असेल तर एक ने, पण डोकं खाऊ नकोस. पेशंटना विचारलं, कुठल्या आवाजाची आठवण येते? एक म्हातारे शिंपी म्हणाले, "कापड फाडल्याचा. सरळ फाटलं की दिवस चांगला जायचा." बीप्याने सहा वर्षांत हजारभर कान तपासले होते, पण त्या कानांना काय आवडतं हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची थोडी लाज वाटली आणि मग लाजेचंही कुतूहल वाटलं.

घरी आई, बाबा आणि तो. बाबा एका सरकारी कचेरीतल्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं येणाऱ्या कागदावर एक शिक्का, जाणाऱ्यावर दुसरा. आता ते तीनच उत्तरं देत: 'हो', 'बघू' आणि 'तुला योग्य वाटेल ते'. पण विनोदाला हसायचे मात्र खळखळून. आई कधीच हसत नसे.

"तुला कळत नाहीत का गं माझे विनोद?"

"कळतात ना. म्हणूनच."

त्यामुळे बीप्याची सगळी भिस्त बाबांवर. दिवसभरात काही सुचलं की तो ते संध्याकाळच्या चहापर्यंत जपून आणायचा. लोक घरी भाजी आणतात तसं.

नऊ तारखेला चहाच्या वेळी त्याने एक विनोद सांगितला, बाबा पोट धरून हसले, आणि बीप्याच्या तोंडून हेतू निसटला. "बाबा, यातलं नेमकं काय आवडलं?"

"हो," बाबा म्हणाले.

"नाही, म्हणजे कुठला भाग?"

"बघू."

बीप्याने टेबलावरची खोकल्याच्या औषधाची बाटली उचलली आणि नेहमीच्या थाटात, योग्य तिथे थांबत, लेबल वाचलं. "वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा. थंड व कोरड्या जागी ठेवा. लहान मुलांच्या हाती... देऊ नका."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसून हसून त्यांनी मांडीवर थाप मारली. आईने कप खाली ठेवला आणि लेकाकडे पाहिलं. लेक लेबलाकडे पाहत राहिला.

बाबांना केंद्रात आणायला फारसं काही करावं लागलं नाही. "मला सरावाला एक माणूस हवाय," असं त्याने कागदावर लिहून दिलं. बाबांनी कागद उलटसुलट केला, शिक्का नाही याचं वाईट वाटून घेतलं आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

तेरा तारखेला जेवणाच्या सुट्टीत बाबा काचेच्या खोलीत बसले. बीप्याने चाळीस बीप सोडले. बाबांनी चाळीस वेळा बटण दाबलं. आलेख निघाला तो पट्टीने आखल्यासारखा.

मोठ्या मॅडमनी आलेख उजेडात धरला. "हे कान कुणाचे? वटवाघळाचे?"

"बाबांचे."

"खुर्ची फिरवली होतीस?"

फिरवली नव्हती. पेशंटला आपला हात दिसू नये म्हणून त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवायची, हा या धंद्यातला पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम. सहा वर्षं तो त्याने डोळे मिटून पाळला होता. पण बापाला भिंतीकडे तोंड करून बसवायचं, तेही शाळेतल्या मस्तीखोर मुलासारखं, हे काही त्याच्याच्याने झालं नव्हतं.

"फिरव," मॅडम म्हणाल्या.

त्याने खुर्ची फिरवली. समोरच्या भिंतीवर कानाचं मोठं चित्र होतं. भिंतीलाही कान असतात म्हणतात, इथे तर एकट्या भिंतीलाच होते. बीप्याने बीप सोडले, मोठे सोडले, आणखी मोठे सोडले. बाबा चित्रातल्या कानाकडे आदराने पाहत बसले. शेवटी अंदाजाने त्यांनी चार वेळा बटण दाबलं. चारही चुकीच्या वेळी.

दोन वाजून दहा मिनिटांनी कागद निघाला.

बीप्याने माइक ओढला, आवाज पार शेवटच्या टोकापर्यंत चढवला आणि हेडफोनमधून विचारलं, "बाबा, हे कधीपासून?"

बाबा दचकले. खुर्ची फिरवून त्यांनी काचेतून लेकाकडे पाहिलं. "निवृत्त झालो तेव्हापासून. मला वाटलं, ऑफिस सुटलं म्हणून शांत वाटतंय."

"मग सांगितलं का नाही?"

"आधी कळलं नाही. मग सवय झाली. हो म्हटलं की लोक पुढे जातात रे."

"आणि पहिल्या वेळी चाळीस कसे बरोबर आले?"

"तू बटण दाबताना तुझा उजवा खांदा उचलला जातो." बाबांनी स्वतःचा खांदा उचलून दाखवला. "विनोद संपवतानाही असाच उचलतोस."

बीप्याला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. पण फलकावर बारीक अक्षरात लिहून बसला होता. "म्हणजे तुम्ही नऊ वर्षं खांद्याला हसत होता?"

"खांदा उचलून झाला की तू माझ्याकडे बघतोस," बाबा म्हणाले. "तसं कुणी बघितलं की हसायलाच हवं."

आठवड्याने कानाची यंत्रं आली. ती बसवायचं काम बीप्याचंच. घरात प्रेक्षक एक, आणि त्यालाच आपण आपल्या हाताने कान द्यायचे! आपल्याच पायावर धोंडा, तोही मोजमाप करून बनवलेला. आवाज जरा कमीच ठेवावा का, असा एक विचार त्याच्या मनाला शिवला. अगदी थोडा कमी. विनोदाच्या पट्टीपुरता. मग त्याला ते शिंपी आठवले, आणि बाबांना कुठल्या आवाजाची आठवण येत असेल हे आपण अजून विचारलेलंच नाही हे लक्षात आलं. त्याने आवाज पूर्ण ठेवला.

"कुठल्या आवाजाची आठवण यायची, बाबा?"

बाबांनी डोकं तिरकं केलं. बाहेर टोकनताई शांतता पाळा म्हणून ओरडत होत्या. "याची नव्हे," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी चहाला बीप्याने आपला सर्वांत कसलेला विनोद काढला. त्याचा खांदा आता त्याच्या ताब्यात नव्हता, म्हणून त्याने तो डाव्या हाताने दाबून धरला. "एक माणूस दुकानात जातो आणि म्हणतो, ती शिडी द्या. दुकानदार म्हणतो, देता येणार नाही, मी तिच्यावर उभा आहे."

बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग तो खाली उतरला का?"

"ते विनोदात नाही."

"का नाही? अजून वरच आहे?"

"असेल."

"सगळे असेच असायचे?"

"साधारण."

बाबांनी मान हलवली. दहा मिनिटांनी न्हाणीघरातून आवाज आला, "पण तो वर चढला कशाला होता?" बीप्याने कप खाली ठेवला. नऊ वर्षांत त्याच्या विनोदाबद्दल कुणी इतकं विचारलं नव्हतं. खरंच, कशाला चढला होता?

त्यानंतर बाबांनी विचारायला जी सुरुवात केली ती थांबेचना. हेतू बीप्याचा, पण लागण बाबांना झाली होती. बैठकीच्या खोलीत व्यायामाचं, जागच्या जागी चालायचं यंत्र होतं, त्यावर गेली चार वर्षं कपडे वाळत. "हे आपण का आणलं?"

"मी विचारलं, आणू का? तुम्ही हो म्हणालात," आई म्हणाली.

"आणि तू आधीची विम्याची नोकरी सोडलीस, तेव्हा मला विचारलं होतंस?" बाबा बीप्याकडे वळले.

"तुम्ही म्हणालात, तुला योग्य वाटेल ते." हे वाक्य बीप्याने सहा वर्षं सगळीकडे अभिमानाने सांगितलं होतं.

"ऐकू आलं असतं तर अडवलं असतं." बाबांनी कानातलं यंत्र चाचपलं. "मग हे कुणी बसवलं असतं, कोण जाणे."

आई खिडकीशी टॉवेल घडी करत होती. "एकदा दुपारी गॅलरीत मीही तुम्हाला काहीतरी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात. इतकं छान हो म्हणालात की मी तो विषय परत काढलाच नाही."

"काय होतं?"

"आता नाही आठवत, अहो." टॉवेलची घडी झाली होती, तरी ती पुन्हा घालायला लागली.

बाबा बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. हो म्हणाले नाहीत. बघूही म्हणाले नाहीत. उठले, जुनी फाइल काढली, कागदाला समास आखला. दुसऱ्या दिवशी बीप्याने तो कागद केंद्रात नेऊन दिला, टोकनताईंनी त्यावर आवक क्रमांक टाकला, आणि मोठ्या मॅडमनी तो सगळ्या हेतूंच्या शेजारी फलकावर लावला:

प्रति,
मा. प्रमुख, कान तपासणी केंद्र.

विषय: मागील नऊ वर्षांतील संभाषणे पुन्हा मिळणेबाबत.

महोदया,
आपल्या केंद्राने बसविलेली यंत्रे व्यवस्थित चालतात, तथापि ती पूर्वलक्षी प्रभावाने लागू होत नाहीत असे आढळून आले आहे. तरी माझ्या घरी गेल्या नऊ वर्षांत झालेली सर्व बोलणी क्रमाने, सावकाश व मूळ व्यक्तींच्याच आवाजात पुन्हा उपलब्ध करून द्यावीत. चिरंजीवांचे विनोद शेवटी ठेवले तरी चालतील. मात्र शिडीवरील दुकानदाराची सद्यःस्थिती कळवावी. गॅलरीतील संभाषणास प्राधान्य द्यावे. ते उपलब्ध नसल्यास, माझा त्या वेळचा होकार न ऐकता दिलेला असल्याने रद्द समजावा, आणि सौ. यांना तो विषय आठवेपर्यंत मला गॅलरीत त्यांच्या शेजारी, त्याच दुपारच्या उजेडात, उभे राहण्याची लेखी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.