खुर्चीपुरती जागा

पोरानं विचारलंसुद्धा नाही. दुकानात शिरला तो सरळ मागच्या भिंतीशी ठेवलेल्या रुंद पलंगापाशी गेला, पायथ्याच्या फळीवर हात ठेवला आणि दुकानदाराला म्हणाला, "हा." जणू बरोबर आई आलेली नव्हती, पिशवी आली होती.

त्याच्या आईनं, गादीवाल्या मावशीनं, पिशवी जवळच्या स्टुलावर आपटली आणि दम घेतला. गेले आठ-दहा दिवस त्याचं हे असंच चाललं होतं. काही विचारलं की 'बघू'. फोन वाजला की जिन्यात. जेवायला बसला की ताटात बोटं फिरवत बसायचा, आणि आई बोलायला लागली की तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प. चाळिशीला आलेला माणूस, घरातली एवढी मोठी वस्तू घ्यायची, तर चार बोटं दाखवून 'आई, यातला कुठला?' असं म्हणायला जीभ झडत होती का?

"हा नाही," ती दुकानदाराला म्हणाली. "तो बोलला ते हवेत सोडा. मी सांगते."

दुकानदार मध्यम वयाचा, कानावर पेन्सिल खोचलेला. अशी गिऱ्हाइकं त्यानं रोज पाहिलेली असावीत. तो हसला आणि बाजूला झाला.

तिनं पिशवीतून दोरी काढली. सुतळीचा गुंडाळा, त्याला दोन गाठी. ती बत्तीस वर्षं गाद्यांच्या दुकानात खोळी शिवत होती, आणि इमारतीत तिला गादीवाली मावशी म्हणत ते त्यावरूनच. टेपवरचे आकडे तिला वाचता येत नव्हते असं नाही, पण आकड्यांवर तिचा विश्वास नव्हता. आकडा ऐकणारा चुकीचा ऐकतो, लिहिणारा चुकीचा लिहितो. दोरी जेवढी तेवढीच राहते. गाठ मारायची आणि कापायला बसायचं. बत्तीस वर्षांत तिची एक खोळ परत आली नव्हती. पायमोज्यात पाय जावा तशी गादी आत जायची.

घरातली आतली खोली तिनं याच दोरीनं मोजली होती. खोली कसली, काड्यापेटीच. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाट, आणि ते हलवायचं तर आधी घरातली माणसं बाहेर काढावी लागली असती. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. तिच्या घरात आधी भिंत पाहावी लागे. भिंतीपासून कपाटापर्यंतची पहिली गाठ. आणि तिच्या अलीकडे दुसरी गाठ. पलंगानं भिंतीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत यायचं, त्यापुढे पाऊल टाकायचं नाही. दोन गाठींमधली जागा खुर्चीची.

ती चाकांची खुर्ची तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या मास्तरांची. त्यांची बायको गेल्यापासून जिन्याखाली पडून होती. मावशीनं ती मागून घेतली, पुसली, चाकात तेल सोडलं, आणि पोराकडून चौथ्या मजल्यावर चढवून घेतली. पोराचा धंदा लिफ्ट बसवायचा, आणि स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार म्हणून सगळे त्याला चिडवत. एरवी तोही हसायचा. त्या दिवशी खुर्ची खांद्यावर घेऊन चार मजले चढला, हॉलमध्ये ठेवली, आणि सरळ हात धुवायला गेला.

तिचा नवरा दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, घरी यायचा होता. तीस वर्षं बस चालवली, एक दिवस खाडा नाही. आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाल्यावर, सकाळी आरशासमोर दाढी करताना उजवं अंग गेलं. अर्ध्या गालावर साबण तसाच. त्याला आता महिना उलटून गेला होता. हॉस्पिटलमध्ये ती रोज संध्याकाळी चार ते सहा त्याचा उजवा हात मांडीवर घेऊन बसे आणि एकेक बोट चोळून काढे. बोलता येत नव्हतं, पण डोळे ओळखीचे होते. परवा करंगळी हलली असं तिनं नर्सला सांगितलं. नर्स 'हो का' म्हणाली.

आणि मग पोरानं येऊन सांगितलं होतं की डॉक्टर घरी न्या म्हणाले आहेत, फक्त फरशीवरची गादी चालणार नाही, पलंग लागेल. मावशीनं त्या दिवशी सगळी खोली धुऊन काढली. आजारी माणसाला सोडतात ते बरं वाटत असतं म्हणून, नाहीतर सोडतील कशाला? आधी पलंगावर बसवायचं, मग पाय खाली सोडायला लावायचे, मग खुर्ची, मग हॉलच्या खिडकीपर्यंत. जिन्याचं नंतर बघू. तिनं मनात महिने लावून टाकले होते.

म्हणून दुसरी गाठ महत्त्वाची. खुर्ची आत गेली नाही तर माणूस उठणार कसा?

"मावशी, दोरीनं पलंग बांधून नेणार का?" दुकानदारानं विचारलं.

"तुम्हालाच बांधून नेते भाऊ. पलंग येईल मागोमाग."

दुकानातली दुसरी दोन गिऱ्हाइकं हसली. पोरगा हसला नाही. मावशीनं दोरीचं एक टोक रुंद पलंगाच्या कडेला दाबून धरलं, दुसरं पोराच्या हातात दिलं आणि दोरी ताणली. दुसरी गाठ फळ्यांच्या मध्यावर कुठेतरी पडली. तिच्यापुढे पलंग चांगला हातभर जास्त.

"बघ," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता, तो तिनं लपवला नाही. "हातभर. हा नेलास तर कपाट आणि पलंग यांच्यामधून मांजर जाईल. आडवं. खुर्ची कुठे घालशील, डोक्यावर?"

त्यानं दोरीचं टोक सोडलं नाही. "मी मोजलंय आई."

"काय मोजलंयस? वाच."

त्यानं फोन काढला आणि वाचलं. भिंत ते कपाट. खिडकीची पट्टी जमिनीपासून किती, म्हणजे उशाकडची फळी तिच्याखाली राहील. पलंगाची उंची, म्हणजे खालून भांडं सरकवता येईल. कपाटाचं दार किती उघडतं. सगळं होतं. ती मान हलवत ऐकत होती, आणि दोरी बोटांवर गुंडाळत होती.

"आणि खोलीचं दार?"

तो थांबला. फोनवर काही नव्हतं, तरी तो फोनकडेच पाहत राहिला.

"दार पलंगाला अडेल," तो म्हणाला. "अर्धं उघडेल."

मावशीनं तोंड उघडलं. बोलणं ओठावर तयारच होतं: जगाला दारं बसवून देतोस आणि आपल्या घराचं दार विसरतोस? पण ते बोलणं तिथेच राहिलं.

कारण हा विसरणारा नव्हता. कुणाच्या घरी जेवायला गेला तरी ताटाआधी दार बघणारा माणूस. कुठल्या अंगाला उघडतं, किती उघडतं, मधे काय येतं. घरात फ्रिज आला तेव्हा हमालांना खालूनच सांगितलं होतं, कुठल्या वळणावर कुठला कोपरा आधी, आणि एक ओरखडा न येता फ्रिज आत आला होता. लिफ्टच्या धंद्यात पहिलं माप दाराचं असतं हे त्यानंच तिला शिकवलं होतं. बाकी सगळं चुकलं तर सुधारता येतं, दार चुकलं तर माणूस आत अडकतो.

तिची दोरी चुकत नव्हती. त्याचा टेप चुकत नव्हता. आणि दोन्हींमध्ये हातभर फरक होता.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो पलंगावरच्या प्लॅस्टिकचा कोपरा नखानं सोलत होता.

दुकानदाराला वाटलं, सौदा अडला. तो पुढे आला आणि समजावू लागला. पेशंटसाठी हवा दिसतोय, तर एवढा रुंद कशाला? हा बाजूचा तीन फुटी बघा, भक्कम आहे, माणसाला तिन्ही बाजूंनी फिरायला जागा राहते, दारही पूर्ण उघडेल, तुमची खुर्ची आरामात जाईल. मावशींचं माप अगदी बरोबर आहे.

"नको," पोरगा म्हणाला. "दोघांना लागतो."

"दोघांना?"

"आई झोपेल ना शेजारी."

दुकानदार काहीतरी बोलणार होता, पण दोघांची तोंडं पाहून त्यानं कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा खोचली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे गेला.

मावशी पलंगाच्या कडेवर बसली. गादी नव्हती, नुसत्या फळ्या. उभ्या जन्मात तिनं लोकांच्या पलंगांना खोळी शिवल्या, पण ती दोघं कायम जमिनीवर झोपली. नवरा म्हणायचा, बसमध्ये दिवसभर उंचावर बसतो, घरी तरी जमिनीला टेकू दे. तिनं हात शेजारच्या फळीवर ठेवला आणि थोडा पुढे सरकवला. एवढ्यात तो मावेल. उताणा नाही मावणार, खांदे रुंद आहेत. होते.

"आणि खुर्ची?" तिनं विचारलं.

त्यानं सोललेला प्लॅस्टिकचा कोपरा पुन्हा चिकटवून पाहिला.

"खुर्ची उद्या मास्तरांना परत देऊन येतो."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती पाच-सहा वेळा खोकली आणि बंद पडली.

"डॉक्टर काय म्हणाले होते?" मावशी म्हणाली. "सगळं सांग. मधलं गाळू नकोस."

त्यानं सांगितलं. खाली बघून, धंद्यातला निरोप सांगावा तसं. दुसऱ्यांदा झटका आला होता, झोपेतच. मेंदूचा फोटो काढला होता. आता इथे करण्यासारखं काही उरलेलं नाही, घरी न्या, त्यांच्या माणसांत राहू द्या. त्यातलं घरी न्या तेवढं त्यानं तिला सांगितलं होतं.

"करंगळी?"

"ती आपोआप हलते म्हणाले. त्यात काही नसतं."

"कधी सांगितलं हे?"

"मागच्या सोमवारी."

तिनं मनात दिवस मोजले. आज बुधवार. म्हणजे नऊ. सोमवारी रात्री तो जेवला नव्हता आणि तिनं त्याला ऐकवलं होतं की घरचं जेवण गोड लागत नाही तर हॉटेल गाठ. मंगळवारी तिनं त्याच्याकडून खुर्ची चढवून घेतली होती. चार मजले. मधल्या जिन्यावर तो टेकला तेव्हा वरून ओरडली होती, काय रे, एवढ्यात दमलास, बाप तुझा या वयात टायर उचलायचा.

किती दिवस उरले, हे तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

तिनं बोटांवरची दोरी उलगडली, दुसरी गाठ शोधली आणि ती नखानं सोडवायला लागली. तिची गाठ होती. सुटण्यासाठी मारलेली नव्हती. तिनं दात लावले. पोरगा हात पुढे करून म्हणाला, दे मी सोडवतो, तर तिनं खांदा फिरवला. शेवटी गाठ सुटली. सुतळीवर तेवढ्या जागी वेडावाकडा पीळ राहिला, तो तिनं अंगठ्यानं दोनदा चोळून पाहिला. सरळ होईना. तिनं दोरी गुंडाळून पिशवीत टाकली.

मग ती उठली आणि दुकानदाराला हाक मारली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, थोडा जास्तच खणखणीत. हाच पलंग पाठवा म्हणाली. उद्या सकाळी, दहाच्या आत. पायथ्याची फळी काढून पाठवा, ती जिन्यात अडेल आणि आम्हाला तशीही नको; पायांना चोळायला मोकळं लागतं. बोल्ट मोजून द्या, मागच्या वेळी कपाटवाल्यानं एक कमी दिला होता. आणि फळ्यांना रंधा नीट मारा, इथे कूस लागतेय. पाठ नाजूक झालेली असते.

दुकानदार लिहून घेत होता. सामान घेऊन येणाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यानं विचारलं, खोलीचं दार कुठल्या अंगाला उघडतं.

"आत," पोरगा म्हणाला. "बिजागरी मी काढून ठेवतो. दारच काढून टाकतो."

"काढ," मावशी म्हणाली. "पडदा लावू."

दुकानदार पावतीचं पुस्तक आणायला आत गेला. दुकानात प्लॅस्टिकचा आणि कापलेल्या लाकडाचा वास होता. पोरगा पिशवी उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला, जणू पिशवीखाली त्याचं काही पडलं होतं. त्याच्या मानेवरचे केस पांढरे झाले होते. तिला ते आजच दिसले. मागून अगदी बापासारखा. एरवी तिनं तिथे हात ठेवला असता.

तिनं हात ठेवला नाही. तो सरळ होईपर्यंत ती थांबली, त्यानं डोळे पुसेपर्यंत थांबली, आणि तो तिच्याकडे बघायला लागला तेव्हा म्हणाली,

"बाप तुझा आहे, पण नवरा माझा आहे. आधी मला सांगायचं होतंस."