आखडलेली बिजागरी

मान कितीही वर केलीत तरी मी तुम्हाला दिसणार नाही. पण बोलतोय तो मीच, तुमच्या देशाचा पहिला दळणवळण उपग्रह.

माझा जन्म एका पांढऱ्या, बिनखिडक्यांच्या दालनात झाला. तिथे धुळीचा कणही चालत नसे. माणसं नखशिखान्त झाकून यायची, नुसते डोळे दिसायचे. त्यातले दोन डोळे ताईंचे. वयानं मोठे असलेलेही त्यांना ताईच म्हणत. ऊन पिऊन वीज करणारे माझे दोन पंख त्यांनीच बिजागऱ्यांवर बसवले. त्यांचे साहेब म्हणजे थंडोबा. आभाळ कोसळलं तरी आवाज चढायचा नाही, म्हणून पोरांनी पाठीमागे ठेवलेलं नाव.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," असं माझ्याबद्दल बरेच जण म्हणत. तरी मी उडालो.

वर पोचलो आणि पंख उघडण्याची आज्ञा आली. उजवा उघडला. डावा जागचा हलेना. पुन्हा आज्ञा, पुन्हा तेच. एका पंखावर माझं भागत नव्हतं. बॅटरी उतरू लागली.

त्या दिवशी खाली काय झालं, ते मला पुढे कळलं. माणसं तो किस्सा फोनवर एकमेकांना सांगत, आणि फोन माझ्यातूनच जात.

नियंत्रण कक्षात मंत्रालयाचा माणूस येरझाऱ्या घालत होता. "अख्खा देश टीव्हीसमोर बसलाय हो! मी सांगू काय?"

"वाट बघा म्हणून सांगा," थंडोबा म्हणाले.

ताई म्हणाल्या, "सर, बिजागरी तुटलेली नाही, थंडीनं आखडलीय. ती बाजू उन्हाकडे फिरवू या."

"मग चांगला पंख सावलीत जाईल. वीज येणारच नाही."

"हो. म्हणून बाकी सगळं बंद करायचं. त्याचं बोलणंसुद्धा."

"म्हणजे तो जिवंत आहे की मेला, हेही कळणार नाही. तुम्हाला खात्री आहे?"

"नाही. खात्री असती तर तुम्हाला विचारत बसले असते का?"

थंडोबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "फिरवा. उलटं पडलं तर नाव माझं सांगा."

मी वळलो. एकेक यंत्र मिटत गेलं. खालच्या हाका ऐकू येत होत्या, पण उत्तर द्यायची मला बंदी होती. इंधनाच्या नळ्या गार पडू लागल्या. त्या गोठल्या असत्या तर मला परत वळताही आलं नसतं. ऊन डाव्या कुशीला लागत होतं आणि बिजागरी ढिम्म. पोटात उरलेली वीज थेंबाथेंबानं संपत होती.

खाली कोणी कोणाकडे बघत नव्हतं. ताई ओठ चावत आकड्यांच्या पडद्यापुढे उभ्या होत्या. पडदा कोराच होता.

आणि अंगाला एक हिसका बसला. पंख थरथरला, अडला, मग सरळ उघडला! ऊन प्यायलो, यंत्रं जागी झाली आणि मी पहिलं उत्तर दिलं.

पडद्यावर आकडे उमटले तेव्हा ताई मटकन जमिनीवरच बसल्या. थंडोबा त्यांच्याशेजारी उकिडवे बसले, म्हणाले, "उठा. आता घरी फोन करा. काळजीत असतील."

त्यानंतर मी वर्षानुवर्षं तुमचं ऐकलं. माणूस लांबचा असला की तुम्ही ओरडून बोलता. "बरं, ठेवतो" म्हणता आणि ठेवत नाही. एकदा डोंगरातल्या दवाखान्यातली दाई रडत होती, बाळ आडवं आलं होतं. शहरातली डॉक्टरीण तिला धीर देत एकेक गोष्ट सांगत गेली. शेवटी दोघींचं बोलणं बुडवणारं बाळाचं रडणं आलं. तेवढं रडणं पोचवलं, तरी माझं उडणं वसूल झालं असं मी मानतो.

आता माझं इंधन संपत आलंय. माझ्या जागी नवा उपग्रह आला, तुमचे आवाज त्याच्याकडे गेले. उरल्यासुरल्या इंधनावर मला आणखी वर, इतर उपग्रहांच्या वाटेबाहेर ढकलतील आणि कायमचं बंद करतील. तक्रार नाही.

एकच मागणं. नवाही कधीतरी गप्प होईल. तेव्हा त्याला लगेच मेलेला ठरवू नका. त्याची बाजू उन्हाकडे फिरवा, हाक मारा आणि जरा थांबा.